शब्दाच्या मधलं प्रश्नचिन्ह

“काय आलं?” हत्तुरे सरांनी विचारलं.

मी स्क्रीनवरचं वाचून दाखवलं. हे ॲप तुमच्या पीसीवर चालू शकत नाही. योग्य आवृत्तीसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्याशी संपर्क साधा.

“साधा की मग संपर्क.”

“सर, ती कंपनी कधीच बंद पडली.”

“माहितेय मला. त्या नंबरवर आता मंगल कार्यालय लागतं. दोनदा लावून बघितलाय.”

सर हसले. मी हसले नाही. माझा नवाकोरा लॅपटॉप त्यांच्या टेबलावर होता आणि त्यातल्या नव्या विंडोजनं तिसऱ्यांदा नकार दिला होता. टेबलाखाली सरांचा जुना कम्प्युटर होता. त्याचा मदरबोर्ड आदल्या दिवशी गेला होता. तसला मदरबोर्ड आता सोलापुरात काय, कुठंच मिळत नाही.

ही गोष्ट सोलापुरातल्या एका अंधशाळेच्या ब्रेल प्रेसमधली. मी बनसोडे. एका इंजिनिअरिंग कॉलेजात बरीच वर्षं सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर होते. म्हणजे लॅबमधले सगळे कम्प्युटर चालू ठेवणं हे माझं काम. नोकरी सोडल्यावर सात रस्त्याजवळ छोटं सर्व्हिस सेंटर टाकलं. शाळेचे कम्प्युटर माझ्याकडं होते, पण प्रेसमधल्या त्या एका मशीनला मी कधी हात लावला नव्हता. चालतंय ना, मग चालू द्या, असा आमच्या धंद्यात एक अलिखित नियम असतो.

हत्तुरे सर शाळेत गणित शिकवायचे आणि प्रेसही सांभाळायचे. ते अक्कलकोटकडचे, जन्मापासून अंध. प्रेस म्हणजे एक खोली. तिच्यात कम्प्युटर, जाड कागदाचे गठ्ठे आणि एम्बॉसर. एम्बॉसर म्हणजे ब्रेलचा प्रिंटर. त्यात शाई नसते. तो कागदावर आतून ठोकून टिंबं उठवतो. सहा टिंबांच्या वेगवेगळ्या जुळणीतून एकेक अक्षर होतं आणि ते बोटानं वाचायचं. मशीन चालू असलं की पत्र्यावर कोणीतरी खडे टाकतंय असा आवाज येतो.

मराठी मजकुराची टिंबं करण्याचं काम एक जुनं सॉफ्टवेअर करायचं. सरांनी आणि त्यांच्या आधीच्या शिक्षकांनी वीसेक वर्षं त्यात पुस्तकं टाइप केली होती. पाठ्यपुस्तकं, गोष्टी, व्याकरण, सगळं त्या सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या फाइलमध्ये. दुसऱ्या कुठल्याही प्रोग्रॅममध्ये त्या उघडत नव्हत्या. नवीन ब्रेल सॉफ्टवेअर आणलं असतं तरी जुनी पुस्तकं गेलीच असती.

नवं विंडोज नकार का देतं, तेही सांगते. हा प्रोग्रॅम फार जुन्या काळचा, सोळा बिटचा. सोळा बिट म्हणजे काय ते सोडून द्या. एवढंच की तसले प्रोग्रॅम चालवायची सोय नव्या विंडोजमधून काढूनच टाकली आहे. स्वतःच्याच घरातल्या म्हाताऱ्याला ते आता ओळखत नाही.

तेवढ्यात मुख्याध्यापक येमूल सर दारात आले.

“मॅडम, होईल का हो? दहावीचे सराव पेपर या महिन्यात जायला पाहिजेत. आपली वसतिगृहातली मुलं आहेत, शिवाय बाहेरच्या साध्या शाळांत शिकणारी चार मुलं आहेत. त्यांना ब्रेलमध्ये दुसरं कोण देणार?”

“बघते सर.”

“बघा म्हणजे बघाच. संस्थेच्या मीटिंगमध्ये विषय निघालाय. प्रेस चालत नसेल तर बंद करा, काम बाहेरून करून घ्या म्हणतायत.”

प्रेस बंद झाली तर सरांचे वर्ग तरी होते. पण हिराबाईंचं काय झालं असतं? हिराबाई प्रेसच्या प्रूफरीडर. मूळच्या नातेपुत्याच्या. लहानपणी गोवरात दृष्टी गेली. छापलेलं प्रत्येक पान त्या बोटानं वाचायच्या आणि चूक सापडली की नखानं खूण करायच्या. त्या दिवशी त्या नव्हत्या. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं म्हणून पंधरा दिवसांच्या रजेवर गावी गेल्या होत्या.

पहिलं काम मी केलं ते जुन्या हार्ड डिस्कची जशीच्या तशी कॉपी. मदरबोर्ड गेला होता, डिस्क अजून जिवंत होती. ती कॉपी माझ्याकडं ठेवली. या सगळ्या प्रकरणात मी शहाणपणानं केलेली ही एकच गोष्ट.

मग मी कोपऱ्यातल्या दोन खोक्यांकडं बघितलं. कुणीतरी देणगी म्हणून दिलेले ते कम्प्युटर. त्यात विंडोज नव्हतं, लिनक्स होतं. विंडोजसारखीच ती एक ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे कम्प्युटरचा सगळा कारभार बघणारा मूळ प्रोग्रॅम. शाळेत लिनक्स कुणाला येत नव्हतं, म्हणून खोकी तशीच पडून होती.

“सर, यावर करून बघू का?”

“विंडोजचा प्रोग्रॅम विंडोजवर चालेना, तो दुसऱ्यावर कसा चालेल?”

मी समजावलं. प्रोग्रॅम स्वतः फार थोडं करतो. खिडकी काढ, फाइल उघड, प्रिंटरला पाठव, असं तो ऑपरेटिंग सिस्टिमला सांगत राहतो. विंडोजचा प्रोग्रॅम विंडोजच्या बोलीत सांगतो. लिनक्सला ती बोली कळत नाही. पण लिनक्सवर वाइन नावाचं एक सॉफ्टवेअर मिळतं. नावावर जाऊ नका. ते मधे बसतं, विंडोजच्या बोलीतलं ऐकतं आणि लिनक्सकडून काम करून घेतं. प्रोग्रॅमला वाटतं आपण विंडोजवरच आहोत. आणि ते जुन्या सोळा बिटवाल्यांनाही आत घेतं.

“हां, म्हणजे दुभाष्या,” सर म्हणाले. “आमच्या वडिलांचं अडत दुकान होतं. शेतकरी कन्नड बोलायचा, व्यापारी मराठी. मधे मी. दोघांना वाटायचं समोरचा आपल्याच भाषेत बोलतोय.”

“तसंच.”

“फक्त मी कधी कधी चुकीचं सांगायचो,” सर म्हणाले.

मी त्यावर लक्ष दिलं नाही.

वाइन टाकलं. जुना प्रोग्रॅम कॉपी केला. सुरुवातीला नुसते चौकोन दिसले, कारण त्याचा मराठी फाँट नव्हता. जुन्या डिस्कवरून फाँट आणला. मग अक्षरं आली. पुढचा प्रश्न एम्बॉसरचा. त्याची जाड केबल जिथं लागायची तसला पोर्ट नव्या कम्प्युटरला नसतोच. माझ्या दुकानात एक जोडकेबल होती, एका बाजूला जुना पोर्ट, दुसऱ्या बाजूला यूएसबी. ती लावली आणि वाइनला सांगितलं की जुन्या पोर्टच्या नावानं जे येईल ते इकडं पाठव. प्रोग्रॅमला पत्ताच नाही की पोर्ट बदललाय.

खरी अडचण मला सरांनी दाखवली. ते खुर्चीवर बसले, कीबोर्डवर हात ठेवले आणि थांबले.

“हा बोलत नाही.”

अंध माणूस कम्प्युटर वापरतो तो स्क्रीन रीडरवर. स्क्रीनवर जे असेल ते आवाजात वाचून दाखवणारा प्रोग्रॅम. लिनक्सचा स्क्रीन रीडर लिनक्सचं सगळं वाचत होता. पण वाइनच्या आतला विंडोजचा प्रोग्रॅम त्याला दिसतच नव्हता. तिथं गेलं की मुका.

मला वाटलं, संपलं.

“थांबा की,” सर म्हणाले. “आल्ट दाबला, एफ दाबला, खाली तीन वेळा. काय उघडलं?”

“फाइल उघडायची खिडकी.”

“मग बरोबर आहे. मला याची बटणं पाठ आहेत हो. वीस वर्षांत हात चालत आलेत. हा गप्प राहिला तरी चालेल. फक्त काही बिनसलं तर मला कळलं पाहिजे.”

डोळसांना बटणाची जागा बदलली तर चालते, दुसरीकडं शोधतात. सरांसाठी प्रोग्रॅम म्हणजे चित्र नव्हतं, बटणांचा क्रम होता. तो एका बटणानंही बदलून चालणार नव्हता. वाइनमध्ये तो तसाच्या तसा राहिला होता. मी दोन तास बसून एक छोटी स्क्रिप्ट, म्हणजे काही ओळींचा प्रोग्रॅम, लिहिली. नेहमीची खिडकी उघडली की एक बीप, चुकीचा संदेश आला की दोन. सरांनी मुद्दाम चूक करून बघितली. दोन बीप वाजले. “झालं,” म्हणाले.

मग मी माझी हौस भागवली. शाळा मराठी माध्यमाची. सगळा कम्प्युटरच मराठीत केला. मेन्यू मराठीत, तारखा मराठीत, स्क्रीन रीडरही मराठीत बोलू लागला. सेटिंग्जमध्ये भाषा निवडायची, बाकी काही नाही. येमूल सर बघायला आले.

“अरे वा! सगळं मराठीत?”

“सगळं.”

त्यांनी फोटो काढून संस्थेच्या ग्रुपवर टाकला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

शेवटी चाचणी. सरांनी स्वतःचं नाव, विषय आणि गावाचं नाव टाइप केलं. एम्बॉसर धडधडला. सरांनी कागदावरून बोट फिरवलं. “बसवराज हत्तुरे, गणित शिक्षक, सोलापूर. बरोबर.” मी सर्व्हिस रिपोर्टवर सही घेतली. काम पूर्ण.

पुढचे अकरा दिवस मला फोन आला नाही. आमच्या धंद्यात फोन न येणं म्हणजे शाबासकी.

बाराव्या दिवशी आला.

“ताई, मी हिराबाई. प्रेसमधनं बोलतीय.”

“आल्या का तुम्ही? आईचं कसं आहे?”

“झालं ब्येस. दिसाया लागलंय तिला. ताई, मशीन झ्याक चालतंय तुमचं. पर एक इचारायचं व्हतं.”

“बोला ना.”

“ह्या पेपरात मधी मधी प्रश्न कोन इचारतंय?”

मला कळलं नाही. म्हटलं, प्रश्नपत्रिका आहे, प्रश्न असणारच.

“तसं न्हाय. शब्दाच्या मधी. तुमी हितं या, मी दावते.”

मी गेले. हिराबाईंपुढं गणिताचा पेपर होता. डाव्या हाताची तर्जनी ओळीवर ठेवून त्या वाचू लागल्या. “वर्तु. मग प्रश्नचिन्ह. मग आचे. मग क्षेत्रफ. परत प्रश्नचिन्ह. मग काढा.” बोट थांबवून त्यांनी चेहरा माझ्याकडं केला. “अख्ख्या गठ्ठ्यात एक बी ळ न्हाय, ताई. ज्ञ बी न्हाय. विज्ञानाच्या पेपरात ज्ञ न्हाय म्हंजी काय?”

मी कम्प्युटरकडं वळले. तोच पेपर उघडला. स्क्रीनवर स्वच्छ दिसत होतं. वर्तु, मधे प्रश्नचिन्ह, त्याला चिकटून काना. क्षेत्रफ, पुढं प्रश्नचिन्ह. विज्ञानातला ज्ञ जाऊन तिथं प्रश्नचिन्ह. सगळीकडं.

हे अकरा दिवस त्या स्क्रीनवर होतं. सरांना स्क्रीन दिसत नाही. प्रोग्रॅम मुका, त्यामुळं ऐकूही येत नाही. चाचणीच्या वेळी खोलीत स्क्रीन बघू शकणारी मी एकटी होते. आणि मी खिडकी उघडते का, एवढंच बघितलं होतं. चाचणीला टाइप केलेल्या तीन शब्दसमूहांत ळ नव्हता, ज्ञ नव्हता.

सर दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

“मीही आठ पेपर टाइप केले आणि एकही वाचला नाही,” ते म्हणाले. “नुसती पानं जुळवून गठ्ठे बांधले. हिराबाई वाचते, म्हणून माझी वाचायची सवयच गेली. रजेवर होती तर थांबायला पाहिजे होतं.”

“आदी कारण सापडवा,” हिराबाई म्हणाल्या. “चूक कुनाची ते मागनं बघू.”

कारण सापडायला तासभर लागला आणि सापडल्यावर मान खाली गेली. त्या जुन्या काळी कम्प्युटरला मराठी येत नव्हती. तेव्हाच्या लोकांनी काय केलं, तर इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरं बसवली. मराठी अक्षरं जास्त, जागा कमी. जी उरली ती वरच्या जादा जागांवर ठेवली. आमच्या प्रोग्रॅममध्ये उरलेल्यांत ळ, ज्ञ आणि श्र होते. या वरच्या जागांचा अर्थ कम्प्युटरची भाषा कुठली निवडली आहे त्यावर ठरतो. जुन्या मशीनवर इंग्रजी होती, त्यामुळं सगळं सुरळीत. मी मराठी निवडली. मग वाइन त्या जागा नव्या पद्धतीनं वाचायला गेलं. त्याला ती खूण ओळखता आली नाही. जे ओळखता येत नाही तिथं ते प्रश्नचिन्ह टाकतं.

थोडक्यात, मी कम्प्युटर मराठी केला म्हणून मराठीतली अक्षरं गेली.

दुरुस्ती एका ओळीची होती. कम्प्युटर मराठीतच ठेवायचा, फक्त हा एक प्रोग्रॅम सुरू करताना वाइनला सांगायचं की भाषा इंग्रजी समज. ती ओळ लिहिली. नवीन फाइल उघडून ‘शाळा’ टाइप केलं. ‘शाळा’ आलं. मी लगेच सरांचा गणिताचा पेपर उघडला.

प्रश्नचिन्हं तशीच होती.

“सर, तुम्ही एम्बॉस करायच्या आधी काय करता?”

“सेव्ह करतो. आल्ट, एफ, एस. नेहमी.”

म्हणजे प्रश्नचिन्हं फाइलमध्ये लिहिली गेली होती. ळ नुसता दिसत नव्हता असं नाही, तो पुसला गेला होता. या दिवसांत सरांनी उघडलेल्या जुन्या पुस्तकांच्या फाइलींचंही तेच. त्या मी पहिल्या दिवशी घेतलेल्या कॉपीतून परत आणल्या. पण सरांनी नव्यानं टाइप केलेले आठ पेपर? ते त्या मशीनवरच जन्मलेले. त्यांची चांगली कॉपी जगात कुठंच नव्हती.

“सगळी प्रश्नचिन्हं बदलून ळ टाकता येणार नाही?” सरांनी विचारलं.

“मग खरी प्रश्नचिन्हंही ळ होतील. आणि ज्ञ कुठला, श्र कुठला, हे कसं कळणार? तिन्हींचं एकच चिन्ह झालंय.”

येमूल सरांना बोलावलं. त्यांना सगळं सांगितलं.

“वसतिगृहातल्या मुलांना अजून वाटलेले नाहीत, ते ठीक. पण बाहेरच्या चौघांचे गठ्ठे गेले.” मग आवाज खाली करून म्हणाले, “मॅडम, तसं बघितलं तर अंदाजानं कळतंच की. वर्तुळाचं क्षेत्रफळ. मुलं हुशार आहेत, समजून घेतील. परत सगळं करायचं म्हणजे मीटिंगमध्ये मला काय तोंड—”

“सर,” हिराबाई म्हणाल्या. त्यांचं बोट अजून कागदावरच होतं. “डोळस पोरांचा पेपर असा छापला असता, तर वाटला असता का तुमी?”

बाहेर प्रार्थनेसाठी मुलांना रांगेत उभं करत होते, त्यांचे आवाज येत होते.

“परत मागवा,” येमूल सर म्हणाले. “मीटिंगमध्ये मी सांगतो काय झालं ते. जसं झालं तसं.”

फोन मी करायचे ठरलं. तीन घरांत गठ्ठा उघडलाच नव्हता. चौथा फोन बार्शीला. पल्लवी नावाची मुलगी, साध्या शाळेत दहावीला. फोन तिनंच उचलला.

“पल्लवी, तुला आलेल्या पेपरांत चूक आहे. शब्दांच्या मधे प्रश्नचिन्हं पडलीत.”

“म्हणजे खरंच आहेत का ती?”

“हो. आमच्याकडून चूक झाली.”

“मला वाटलं माझं बोट गेलं,” ती म्हणाली. “थंडीत कधी कधी बधिर होतं. मी कोमट पाण्यात बोट बुडवून परत परत वाचत होते. आईला सांगितलं नाही. परीक्षा जवळ आलीय, ती घाबरली असती.”

“किती दिवस वाचत होतीस?”

“आज चौथा.”

मी तिला काय म्हणाले ते मला आठवत नाही. सॉरी म्हटलं असणार. नोकरीत माझ्या हातून सर्व्हर पडलेत, एकदा निकालाच्या दिवशी अख्खी लॅब बंद पडली. पण माझ्या एका सेटिंगमुळं कुणी आपल्या बोटावर संशय घेतला होता, असं कधी झालं नव्हतं. आपलं बोट गेलं म्हणजे तिच्यासाठी काय गेलं, हे मला हत्तुरे सरांना आणि हिराबाईंना विचारावं लागलं नाही. दोघांनीही हात टेबलावर पालथे ठेवले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून आम्ही तिघं बसलो. हिराबाई चुकीच्या छापलेल्या पेपरावरून बोट फिरवत मोठ्यानं वाचायच्या. प्रश्नचिन्ह आलं की थांबायच्या. सर सांगायचे काय हवं आणि बाणाच्या बटणानं तिथं जाऊन टाइप करायचे. मी स्क्रीनकडं बघत बसायचे, डोळ्यांचं काम माझ्याकडं.

“घनफ, प्रश्नचिन्ह.”

“ळ.”

“आलं,” मी म्हणायचे.

“समद्विभुज त्रिकोणाचे कोन कोणते, प्रश्नचिन्ह.”

“ते खरं आहे. ते राहू दे.”

दोन दिवस हेच. मधे सर म्हणाले, हिराबाई, तू इतकी भरभर वाचतेस, जरा दमानं. त्या म्हणाल्या, मी दमानंच वाचतीया, तुमी हळू लिवता. विज्ञानाच्या पेपरात एका जागी तिघंही अडलो. वाक्य होतं, “परि, प्रश्नचिन्ह, मग मा.” परिश्रम बसेना, वाक्य चंद्राबद्दलचं होतं. शेवटी सरांना आठवलं, ते त्यांच्या बोटाची चूक होती, परिक्रमा लिहायचं होतं आणि त्यांनी श्र दाबला होता. ती चूक प्रश्नचिन्ह पडल्यामुळं सापडली. हिराबाई खूप वेळ हसत होत्या.

या वेळी एम्बॉसरमधून आलेलं प्रत्येक पान हिराबाईंनी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं आणि मग गठ्ठे बांधले.

बार्शीचा गठ्ठा मी एसटीनं स्वतः घेऊन गेले. पार्सलनं गेला असता. पण मला जायचं होतं.

पल्लवीच्या आईनं चहा ठेवला. पल्लवीनं गठ्ठा सोडला, पहिलं पान मांडीवर घेतलं आणि बोट लावलं. “वर्तुळाचे क्षेत्रफळ काढा.” मग ती न थांबता खाली वाचत गेली. आई स्वयंपाकघरातून बघत होती. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी सांगायला तोंड उघडलं, तर पल्लवीच म्हणाली, “आई, आधीच्या पेपरांत छपाईची चूक होती. या मॅडम बदलून द्यायला आल्यात.” बस, एवढंच.

दुसऱ्या पानावर ती थांबली.

“काय झालं?”

“प्रश्न चौथा. घनफळ काढा म्हटलंय. उंची दिलीय, त्रिज्या दिलीच नाही.”

“नीट वाचलंस?”

“नीट वाचलं,” ती म्हणाली. “दिलेली नाहीये.”

मी तिथूनच सरांना फोन लावला. त्यांनी नव्या पेपराची स्वतःची प्रत काढली, वाचली.

“होय की,” ते म्हणाले. “राहिली. सात लिहून घे म्हणावं.”

पल्लवीनं तिच्या ब्रेलच्या पाटीवर टोचणीनं टिंबं टोचून सात लिहून घेतले. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की काम झालं.

प्रेस चालू राहिली. मीटिंगमध्ये येमूल सरांनी खरोखरच सगळं सांगितलं, माझं नाव धरून. मला ते आवडलं. दुसरं खोकंही उघडलं गेलं. आता आम्ही जुन्या फाइली एकेक करून आजच्या युनिकोड मराठीत आणतोय, म्हणजे पुढं कुठल्याही सिस्टिमवर त्या उघडतील. फाइल बदलून झाली की एम्बॉस होते आणि हिराबाईंकडं जाते. त्यांनी वाचल्याशिवाय जुनी फाइल आम्ही हलवत नाही. त्या रजेवर गेल्या की काम थांबतं, आणि ते कुणाला खटकत नाही. पल्लवी दहावी चांगल्या मार्कांनी पास झाली. आता अकरावीची पुस्तकं मागवते आणि छपाईच्या चुका सापडल्या की यादी करून पाठवते.

लोक मला विचारतात, एका सिस्टिमचं सॉफ्टवेअर दुसऱ्या सिस्टिमवर खरंच चालतं का? चालतं. बहुतेक वेळा चालतं. आमचं पहिल्याच दिवशी चाललं होतं, तोच घोटाळा होता. माझ्या सर्व्हिस रिपोर्टवर आता दोन वेगळ्या ओळी आहेत. पहिली, मशीन चालू झालं. तिच्यापुढं मी सही करते. दुसरी, वापरणाऱ्यानं स्वतःच्या कामावर तपासलं. त्या ओळीपुढं माझी सही चालत नाही.